साडेसतरा की साडेएकोणीस

“इनमें से झूठा कौन-सा है?” असं विचारून त्या मुलीनं माझ्या टेबलावर दोन कागद ठेवले.

दोन्ही प्रिंटआउट आमच्याच सॉफ्टवेअरचे होते. खाली आमच्याच कंपनीचं नाव. मुलाचं नाव तेच, मुलीचं तेच, दोघांच्या जन्माची तारीख, वेळ, गाव, सगळं तेच. एका कागदावर लिहिलं होतं एकूण गुण साडेएकोणीस. दुसऱ्यावर साडेसतरा.

मी तिला बसायला सांगितलं आणि आधी कागद खिडकीशी नेऊन उजेडात धरले. खाडाखोड दिसते का, आकड्यांचा टाइप वेगळा आहे का, ते पाहिलं. 

ही दोन हजार सहा-सातच्या सुमाराची गोष्ट. जयपूरला राजा पार्कमध्ये, साड्यांच्या एका दुकानाच्या वरच्या मजल्यावर, आमचं सहा माणसांचं ऑफिस होतं. आम्ही कुंडलीचं सॉफ्टवेअर बनवायचो आणि त्याच्या सीडी ज्योतिषांना आणि सायबर कॅफेवाल्यांना द्यायचो. मी मूळची कराडची, या ऑफिसात टेस्टर म्हणून लागले होते. टेस्टर म्हणजे दुसऱ्यानं लिहिलेला प्रोग्रॅम कुठे चुकतो ते शोधणारा माणूस. चूक सापडली की ती ‘बग’ म्हणून रजिस्टरमध्ये लिहायची, मग प्रोग्रॅमर ती दुरुस्त करणार. थोडक्यात, संशय घेणं हीच नोकरी. मला ती फार मानवली. आई म्हणायची, ही पोरगी देवळातलं तीर्थसुद्धा वास घेऊन पिते.

ज्यांनी लग्नं जमवली आहेत त्यांना गुणमेलन सांगायला नको, पण बाकीच्यांसाठी दोन वाक्यं. मुलाचं आणि मुलीचं जन्मनक्षत्र घ्यायचं आणि आठ बाबींवर दोघांचं किती जुळतं ते पाहायचं. एकूण गुण छत्तीस. अठरा किंवा जास्त आले तर लग्न करायला हरकत नाही, अठराच्या खाली आले तर नको. म्हणजे त्या मुलीच्या समोरचा एक कागद पास होता आणि दुसरा अर्ध्या गुणानं नापास.

तिचं नाव सुनीता. मुरलीपुऱ्यातल्या एका शाळेत गणित शिकवायची. मुलगा दीपक, त्याच शाळेत ड्रॉइंग मास्तर. स्थळ एका ओळखीच्या बाईंनी सुचवलं, असं तिनं सांगितलं. पण दीपकची जन्मवेळ तिनं कागदाकडे न बघता मिनिटासकट सांगितली, तेव्हा त्या बाईंना कुणी सुचवायला लावलं असेल ते मी ओळखलं.

साडेएकोणीसचा कागद तिच्या वडिलांनी आमच्या ऑफिसजवळच्या कॅफेतून काढून घेतला होता. साखरपुडा येत्या रविवारी ठरला. मग दीपकच्या वडिलांनी सहज म्हणून आपल्या ज्योतिषाकडून पुन्हा मेलन करून घेतलं, तर साडेसतरा. दीपकच्या वडिलांचा पाण्याच्या टाकीचे फ्लोट बनवायचा छोटा कारखाना होता. त्यांनी निरोप पाठवला की मुलीच्या पत्रिकेत खोट आहे आणि ती झाकायला मुलीकडच्यांनी कागद बनवला आहे. कंपनीकडून लेखी आणा, नाहीतर रविवारचं रद्द. हे त्यांनी चार नातेवाइकांनाही सांगून टाकलं होतं.

“रिश्ता टूटे तो मैं सँभाल लूँगी,” सुनीता म्हणाली. “लेकिन पापा को लोग जालसाज़ कह रहे हैं.”

हे बोलताना तिचा आवाज जरा हलला. मी लगेच विरघळणाऱ्यांतली नाही. टेस्टरला रडवेले ग्राहक रोज भेटतात, आणि त्यातले निम्मे तरी चुकीचं बटण दाबून आलेले असतात.

मी तिच्या समोरच माहिती भरली. आमच्या नव्या व्हर्जननं साडेएकोणीस दिले. कागद बनावट नव्हता. मग कपाटातून जुनी सीडी काढली. त्या सीडीनं साडेसतरा दिले. तोही बनावट नव्हता. म्हणजे दीपकच्या ज्योतिषाकडे जुनं व्हर्जन होतं आणि कॅफेवाल्याकडे नवं, इतकं उलगडलं.

“तो एक वर्ज़न ग़लत है,” सुनीता म्हणाली. “या दोनों.”

मी तिला गुरुवारी यायला सांगितलं.

आमचे मालक माथुरजी. त्यांना मी हे सांगितलं तेव्हा त्यांनी हातातला चहाचा कपही खाली ठेवला नाही. यात प्रश्न काय आहे, त्यांनी विचारलं. जुन्या व्हर्जनमधलं गुणांचं टेबल चुकलेलं होतं हे गेल्या दिवाळीत तुम्हीच पकडलंत. नव्यात ते बरोबर केलं. नवं बरोबर, जुनं चूक, लिहून द्या आणि मोकळ्या व्हा.

हे खरं होतं. माझ्या तिथल्या नोकरीतला तो सगळ्यात मोठा बग. मूळ टेबल आमच्या शास्त्रीजींनी हातानं लिहून दिलेलं होतं. शास्त्रीजी म्हणजे आमचे सल्लागार, संस्कृतचे निवृत्त शिक्षक, दर बुधवारी यायचे. त्यांचं टेबल मी पंचांगाशी ताडून पाहिलं, तर निम्मे आकडे जुळेनात. मी बग नोंदवला, टेबल बदलून घेतलं, आणि माथुरजींनी सगळ्या ऑफिससमोर माझं कौतुक करून मिश्री मावा नावाची तिथली मिठाई वाटली होती.

त्यामुळे पत्र टाइप करायला मी बसलेही. दोन ओळी लिहिल्या आणि थांबले. जुनं व्हर्जन चार वर्षं बाजारात होतं. आमचे गिऱ्हाईक ज्योतिषी असे, की सूर्योदय दोन मिनिटं मागेपुढे दाखवला तरी सकाळी सकाळी फोन करून झापायचे. गुणांच्या टेबलात निम्मे आकडे चुकलेले असताना हे लोक चार वर्षं गप्प कसे बसले? शिवाय माथुरजींना एवढी घाई का? तर दिल्लीची एक लग्न जुळवणारी वेबसाइट आमचं नवं व्हर्जन घेणार होती आणि पुढच्या आठवड्यात त्यांची माणसं येणार होती. या दिवसांत नव्या व्हर्जनमध्ये दोष निघणं त्यांना परवडणारं नव्हतं. मी पत्र सेव्ह न करता बंद केलं.

मंगळवारी मी दोन्ही व्हर्जनांतून सगळ्या नक्षत्रांच्या सगळ्या जोड्या काढल्या. सत्तावीस नक्षत्रांची मुलं, सत्तावीस नक्षत्रांच्या मुली. एक्सेलमध्ये शेजारी शेजारी लावल्या. माझा पहिला संशय शास्त्रीजींवर. कुणाचे तरी गुण वाढावेत म्हणून त्यांनी मागाहून काही बदल सांगितला असेल, असं माझ्या डोक्यात होतं. पण गुण वाढवले असते तर सगळीकडे वाढलेले दिसले असते. इथं कुठे वाढले होते, कुठे कमी झाले होते, कुठे तसेच होते. यात कुणाचाच फायदा दिसेना.

दुपारी जेवून आल्यावर सहज दीपक-सुनीताची जोडी उलटी भरून पाहिली. दीपकच्या जागी सुनीता, सुनीताच्या जागी दीपक. नव्या व्हर्जननं साडेसतरा दिले. जुन्यानं साडेएकोणीस.

मग दहा जोड्या उलट्या करून पाहिल्या. दहाच्या दहा तशाच. नव्या व्हर्जनमध्ये मुलाला मुलगी आणि मुलीला मुलगा समजून गुण दिले जात होते. नाहीतर जुन्यात तरी तसं होतं. दोनपैकी एक टेबल पूर्ण आडवंउभं फिरलेलं होतं.

मी थेट प्रोग्रॅमर विकासकडे गेले आणि म्हणाले, तू माझं टेबल भरताना ओळींचे कॉलम केलेस. विकास शांत माणूस. त्यानं खणातून मी दिलेली पंचांगाच्या पानाची झेरॉक्स काढली आणि स्क्रीनवरचं टेबल माझ्यासमोर ठेवलं. आम्ही दोघांनी बोट ठेवून एकेक आकडा तपासला. त्यानं मी दिलं होतं तसंच्या तसं भरलं होतं.

“आपने जो दिया, वही डाला है, वैशालीजी,” तो म्हणाला. झेरॉक्समध्ये आकडे आणि नक्षत्रांची नावं होती. पानाच्या कडा मात्र मशीनमध्ये कापल्या गेल्या होत्या.

त्या कडांवर काय छापलं असेल, ही शंका मला तेव्हाच आली. तरी मनात म्हटलं, असं कसं होईल.

मी खातीपुऱ्याला कुलकर्णी काकूंकडे भाड्यानं राहायचे. काका विमा कंपनीत अधिकारी, बदली होऊन आलेले. काकू सांगलीच्या. जयपुरात सगळं मिळतं पण आपलं पंचांग मिळत नाही, म्हणून दरवर्षी त्यांची बहीण ते कुरियरनं पाठवायची. माझी झेरॉक्स त्याच पंचांगाची. त्या संध्याकाळी मी चप्पल काढायच्या आधीच काकूंना विचारलं की गुणमेलनाचं कोष्टक कसं बघायचं.

“त्यात काय? मुलाचं नक्षत्र आडव्या ओळीत, मुलीचं उभ्या,” काकू म्हणाल्या. त्यांनी फ्रीजवरून पंचांग काढलं, चष्मा लावला आणि पानाच्या अगदी कडेला बारीक अक्षरांत छापलेलं मला दाखवलं. “हे बघ, लिहिलंय की.”

“आणि इकडचे लोक उलटं लिहितात का?”

“ते मला काय ठाऊक? तू मागे घेऊन गेलीस तेव्हा मी म्हटलं होतं, वैशू, समजावून सांगू का. तू म्हणालीस, काकू, आकडे मला समजतात.”

हे मी म्हणाले होते. मला नीट आठवत होतं.

शास्त्रीजींच्या टेबलात मुलगी आडवी होती आणि मुलगा उभा. त्यांच्याकडे तशीच पद्धत, आणि आमचा प्रोग्रॅमही टेबल तसंच वाचत होता. मी कराडची शहाणी, सांगलीचं पंचांग घेऊन जयपूरच्या माणसाला चूक ठरवून आले. त्यांना एका शब्दानं विचारलं नाही, कारण त्यांना माऊस धरता येत नव्हता आणि माझ्या लेखी ते म्हातारे होते. त्या संध्याकाळी मला जेवण गेलं नाही. सुनीताचं काय होणार ही काळजी होतीच, पण खरं सांगायचं तर आधी लाज वाटली.

बुधवारी शास्त्रीजी आले. मी त्यांना सगळं सांगितलं. ते रागावले नाहीत. फक्त आपल्या जुन्या टेबलाचा कागद मागून घेतला, घडी सरळ केली आणि परत दिला. मी माफी मागितली. मग मला जे कालपासून डाचत होतं ते विचारलं. माणसं तीच, ग्रह तेच, चंद्र त्याच जागी. मग कोण मुलगा आणि कोण मुलगी यानं गुण का बदलावेत?

हा प्रश्न मी त्यांना आधीही एकदा विचारला होता, वेगळ्या कारणानं. आमच्या सॉफ्टवेअरमध्ये फलाची वाक्यं असायची, ‘प्रेम व स्वभाव’ या मथळ्याखाली. प्रत्येक ग्रहाची दोन वाक्यं, एक पुरुषासाठी, एक स्त्रीसाठी. मंगळ सातव्या घरात असला तर पुरुषाला यायचं ‘तेजस्वी, पत्नीवर प्रभाव ठेवणारा’, आणि स्त्रीला ‘कलहप्रिय, पतीला त्रासदायक’. शुक्र-मंगळ एकत्र असले तर पुरुष ‘रसिक’ आणि स्त्री ‘चंचल’. मी बग लिहिला होता: इनपुट सारखं, आउटपुट वेगळं. तो शास्त्रीजींचा ‘बग नाही’ असा शेरा घेऊन परत आला.

शास्त्रीजींनी या वेळी समजावून सांगितलं. आठ बाबींपैकी पहिली वर्ण. बारा राशी चार पायऱ्यांवर बसवलेल्या, पायऱ्यांची नावं तीच जी आपण समाजात ऐकतो. नियम एवढाच की मुलगा मुलीच्या बरोबरीच्या किंवा वरच्या पायरीवर हवा. खाली असला तर तो गुण गेला. गणाचंही काहीसं तसंच: मुलगी देवगणाची आणि मुलगा मनुष्यगणाचा असला तर एक गुण कापायचा, उलट असेल तर पूर्ण द्यायचे. दीपकची रास मिथुन, शेवटची पायरी, मनुष्यगण. सुनीताची कर्क, पहिली पायरी, देवगण. दोन ठिकाणी एकेक गुण गेला. साडेएकोणीसचे साडेसतरा झाले.

“औरत ऊपर हो तो घर में खटपट रहती है,” शास्त्रीजी म्हणाले. “ऐसा शास्त्र का मत है.”

“आपका?”

 त्यांनी उलट विचारलं, मी त्यांची सही मागायला आले आहे का. साडेएकोणीसवर ते सही करणार नव्हते. मी म्हणाले, मागितलेली नाही. आम्हा दोघांनाही एकमेकांचा भरवसा वाटत नव्हता, आणि त्या दिवशी तरी तो वाटावा असं मी काही केलेलं नव्हतं.

जाताना दारात थांबून ते म्हणाले, “हाथ से देखता, तो आधे गुण पर किसी का घर नहीं रोकता. और चीज़ें भी देखी जाती हैं. अठारह की लकीर मशीन में आप लोगों ने खींची है.”

तेही खरं होतं. अठराच्या खाली आलं की लाल अक्षरांत ‘विवाह अनुशंसित नहीं’, म्हणजे लग्नाची शिफारस नाही, असं छापायचं, हे माथुरजींच्या सांगण्यावरून विकासनं केलं होतं आणि मी ते टेस्ट करून पास केलं होतं.

संध्याकाळी माथुरजींना सांगितलं. या वेळी त्यांनी कप खाली ठेवला. उठून दार लावून घेतलं. मग शांतपणे म्हणाले की पत्र द्यायचं ते साडेएकोणीसचंच द्यायचं, रविवार होऊ द्यायचा, सोमवारी टेबल गुपचूप फिरवायचं आणि नव्या सीडीवर अपडेट म्हणून पाठवायचं. “इसमें नुक़सान किसका है, बताइए.”

 मुलीला मुलगा हवा आहे, मुलाला मुलगी हवी आहे. माझ्या चुकीनं त्यांचं भलं होत होतं. खोटं बोलले तर लग्न होणार, खरं बोलले तर मोडणार. पण दिवाळीपासून त्या टेबलानं आणखी कितीजणांना उलटे गुण दिले असतील, त्यात कुणी विनाकारण लाल अक्षरांत गेलं असेल, हे माझ्या डोक्यातून जाईना. आणि दुसरं एक, जे मी माथुरजींना सांगितलं नाही. तिच्या वडिलांवर खोट्या कागदाचा आळ होता. तो पुसायला मी दुसरा खोटा कागद देणार होते.

मी म्हणाले, खोटं पत्र मी लिहिणार नाही. तर मग पत्रावर माझं नाव येणार नाही, माथुरजी म्हणाले. पत्रावर सही तुमची, जबाबदारी तुमची, आणि दिल्लीचं काम गेलं तर नंतर बोलू. नंतर बोलू याचा अर्थ मला कळला.

गुरुवारी सुनीता आली ती दीपकला घेऊन. बारीक, लाजाळू मुलगा, नखांत निळा रंग अडकलेला. तो कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसला, ती माझ्या समोर. मी एका दमात सांगितलं. साडेसतरा बरोबर आहेत, नवं व्हर्जन चुकलेलं आहे, चूक माझी आहे. तुमच्या वडिलांनी कागद बनवलेला नाही, तो आमच्या सॉफ्टवेअरनंच दिला, हे मी लिहून देईन. पण साडेएकोणीस लिहून देता येणार नाहीत.

ती रडेल असं मला वाटलं होतं. ती भांडेल असंही वाटलं होतं. तिनं कागद-पेन मागितलं.

“मतलब, मैं लड़का होती और ये लड़की, तो साढ़े उन्नीस?”

“हो. जी.”

“हम दोनों में कुछ नहीं बदलता, बस नाम की जगह.”

“जी.”

कोपऱ्यातून दीपक म्हणाला, “तो मुझे लड़की लिख दीजिए.”

मला आधी वाटलं तो थट्टा करतोय. नंतर वाटलं, काहीतरी लबाडी करायला सांगतोय. मी त्याच्याकडे नीट पाहिलं, दोन्ही नव्हतं. त्याला कागदावर खाली बसायचं वाईट वाटत नव्हतं, एवढंच. ती जिथं असेल तिथं त्याला जायचं होतं. मी त्या ऑफिसात प्रेमाबद्दलची शेकडो वाक्यं तपासली होती. त्या मुलानं म्हटलं तसं वाक्य आमच्या पुरुषांच्या कॉलममध्ये एकही नव्हतं. मला अचानक त्या दोघांबद्दल फार वाईट वाटलं, आणि स्वतःचा रागही आला.

सुनीतानं त्याला हातानं गप्प केलं. ती आपल्या कागदावर काहीतरी मांडत होती. मग म्हणाली, पत्र द्या, खरंच द्या. पण नुसता आकडा नको. आठही बाबींची फोड द्या, कुठे किती मिळाले आणि कुठे का कापले. आणि शेवटी हे वाक्य घाला. ते तिनं मला सांगून लिहून घेतलं, दोनदा वाचून दाखवायला लावलं. वाक्य असं होतं: कन्या की ओर से कोई न्यूनता नहीं है, दोनों गुण वर का स्थान नीचे होने से कटे हैं.

मला त्यात आक्षेप घेण्यासारखं काही सापडलं नाही. शब्द न् शब्द खरा होता. मी कंपनीच्या लेटरहेडवर ते छापलं, खाली माझं नाव लिहिलं, सही केली. सुनीतानं ते दीपकच्या हातात दिलं आणि वडिलांना आजच द्यायला सांगितलं. तो गेल्यावर ती म्हणाली, अब देखते हैं, आणि स्कूटरची किल्ली घेऊन उठली. मला वाटलं, ही मुलगी स्वतःच्याच लग्नावर पाणी सोडून चालली आहे.

शुक्रवारी सकाळी अकराला फोन आला. माथुरजींनी घेतला, दोन वाक्यं ऐकली, आणि रिसीव्हर तापलेला असावा तसा माझ्याकडे दिला. दीपकचे वडील होते. जाड, हळू आवाज.

“ये चिट्ठी आपने लिखी है?”

“जी.”

“इसमें लिखा है, वर का स्थान नीचे. नीचे माने?”

मी शास्त्रीजींनी सांगितलं ते सांगितलं. राशींच्या चार पायऱ्या आहेत, तुमच्या मुलाची शेवटची आहे, मुलीची पहिली. मुलगा खाली असल्यामुळे गुण कापतात. याचा माणसाच्या जातीशी किंवा वागण्याशी संबंध नाही, असंही मी म्हणाले, पण ते त्यांनी ऐकलं असं वाटलं नाही.

“तो लड़की की पत्रिका में खोट नहीं है.”

“नहीं जी.”

“कमी हमारे लड़के की है.”

“शास्त्र के हिसाब से, जी.”

पलीकडून कारखान्यातल्या मशीनचा आवाज येत होता. माथुरजी माझ्यासमोर उभे राहून हातानं काय-काय विचारत होते.

“ये आपने और किसको दिखाया है?” दीपकच्या वडिलांनी विचारलं.

कुणालाच नाही, मी म्हणाले. ऑफिसात कॉपी आहे का? आहे. ती फाडून टाकाल का? नाही, मी म्हणाले, ऑफिसची कॉपी ऑफिसात राहते, पण ती बाहेर जाणार नाही.  तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. लग्न मोडायचं तर त्यांना चार नातेवाइकांना कारण सांगावं लागणार होतं. आणि कारण आता एकच उरलं होतं, तेही लेखी: मुलगी आपल्या मुलापेक्षा वरची निघाली.

“मशीन का क्या है, मशीन तो कुछ भी बोलती है,” ते शेवटी म्हणाले. “हम तो बच्चों का मन देखते हैं. इतवार को आप भी आइए.”

रविवारी साखरपुडा झाला. मी गेले. दीपकचे वडील मला पाहून दुसऱ्या बाजूला वळले आणि सगळ्यांना सांगत होते की आमच्या घरी पत्रिकेवर कुणी अडून बसत नाही. सुनीताचे वडील मात्र माझ्याजवळ आले, हात जोडून उभे राहिले. मला तिथं उभं राहणं अवघड झालं. चूक माझी होती, आणि हात ते जोडत होते.

सोमवारी विकासनं टेबल फिरवलं. मी ते शास्त्रीजींच्या शेजारी बसून तपासलं, आणि प्रत्येक ओळीला त्यांना विचारलं. ज्यांना नवी सीडी गेली होती त्या सगळ्यांना चुकीची कबुली देणारं पत्र आणि नवी सीडी गेली. माथुरजींनी त्यावर सही केली, तोंड वाकडं करून. काही ज्योतिषांनी फोन करून झापलं, बऱ्याचजणांना फरकच पडला नव्हता, कारण ते अठराच्या रेघेकडे बघतच नव्हते.

दिल्लीच्या लोकांना मी स्वतःच सगळं सांगितलं, माथुरजींच्या डोळ्यांत बघायचं टाळत. मला वाटलं काम गेलं. त्यांनी सॉफ्टवेअर घेतलं. त्यांची अट एकच होती: ग्राहकाला आठ बाबींची फोड दाखवायची नाही, फक्त बेरीज दाखवायची. फोड पाहिली की लोक प्रश्न विचारतात, त्यांचा मॅनेजर म्हणाला.

लग्नात, जेवणाच्या रांगेत, मी सुनीताला गाठलं. मला विचारल्याशिवाय राहवलं नाही. ते शेवटचं वाक्य सासऱ्यांना कसं लागेल, हे तिला आधीच ठाऊक होतं का? तिनं माझ्या पानात आणखी एक घेवर वाढला.

“बच्चों को यही सिखाती हूँ, दीदी,” ती म्हणाली. “सिर्फ़ जवाब मत लिखो. पूरे स्टेप लिखो.”

मी पुढे बरीच वर्षं टेस्टिंग केलं, आता बँकांच्या सॉफ्टवेअरचं करते. तिथं कुणाचं लग्न अडकत नाही. पण कोणतंही टेबल हाती आलं की आकड्यांच्या आधी मी त्याच्या कडा वाचते, आणि ज्यानं ते लिहिलं त्याला विचारते. त्याला माऊस धरता येवो न येवो.